हँड, ऑफ, ऑटो

मॉलच्या कुठल्याही मजल्यावर, झगमगत्या दुकानांच्या पाठीमागे, 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' अशी पाटी लावलेलं एक दार असतं. आत एएचयू असतं, म्हणजे हवा गार करून मजलाभर खेळवणारं यंत्र. खोलीएवढी पत्र्याची पेटी, तिच्यात गार पाण्याच्या नळ्या, पुढे फिल्टर आणि मागे भलामोठा पंखा. पंख्याची मोटार भिंतीवरच्या व्हीएफडीला जोडलेली असते. विजेची वारंवारता बदलून मोटारीचा वेग गरजेप्रमाणे कमी-जास्त करणं, एवढंच या उपकरणाचं काम. त्याच्या पॅनेलवर तीन खुणांचा एक स्विच असतो: हँड, ऑफ, ऑटो.

शनिवारी संध्याकाळी, गर्दी ऐन भरात असताना, कपड्यांच्या दुकानातून फोन येतो, "अहो, इथे अजिबात गार होत नाही, गिऱ्हाईक परत चाललंय." शिफ्टवरचा तंत्रज्ञ धावतो. एएचयूच्या खोलीत पोचल्यावर त्याच्याकडे दोन रस्ते असतात. फिल्टर काढून पाहायचा, की स्विच 'हँड'वर टाकून पंखा पूर्ण ५० हर्ट्झवर पळवायचा? पहिल्या कामाला अर्धा तास आणि जोडीला एक हेल्पर लागतो, दुसऱ्याला दहा सेकंद. तो दुसरं करतो. हवा वाढते, फोन थांबतात, तक्रारवहीत 'निवारण झाले' अशी नोंद होते. फिल्टर कपड्यांच्या तुसाने गच्च भरलेला होता, हे सोमवारी सफाईच्या वेळी कळतं. फिल्टर धुतला जातो, पण स्विच 'हँड'वरच राहतो. पुढे कित्येक महिने.

या विसराळूपणाची किंमत काढता येते. पंख्याचा वेग आणि त्याला लागणारी शक्ती यांचं नातं घनाचं आहे. वेग २० टक्क्यांनी उतरवला, म्हणजे ५० हर्ट्झचे ४० केले, की शक्ती ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर येते. समजा, मोटार ११ किलोवॅटची आहे आणि रोज बारा तास, वर्षाचे ३६० दिवस पूर्ण भाराने चालते. वर्षाला ४७,५२० युनिट झाले. युनिटमागे १२ रुपये धरले तर पावणेसहा लाखांच्या आसपास. तीच मोटार ४० हर्ट्झवर चालली असती तर पावणेतीन लाखांहून अधिक वाचले असते. हे एका पंख्याचं झालं. मोठ्या मॉलमध्ये असे कितीतरी पंखे असतात. आणि व्यवस्थापकांच्या मासिक बैठकीत चर्चा कशावर होते? पंख्याचे बेल्ट या वेळी दुसऱ्या पुरवठादाराकडून घेतले तर किती वाचतील, यावर.

दुकानं आणि मॉल यांच्या देखभालीचा सगळा घोळ इथे आहे. दुरुस्तीचा खर्च डोळ्यांत भरतो, कारण त्याची पावती असते. बेअरिंग आणलं, बेल्ट आणला, गॅस भरला, प्रत्येकाची खरेदी-ऑर्डर निघते आणि कोणाला तरी सही करावी लागते. यंत्र चुकीच्या रीतीने चालवल्याचा खर्च मात्र वीजबिलात विरघळून जातो, आणि वीजबिल तर 'येणारच' असं सगळ्यांनी धरलेलं असतं. ते पाहतो लेखा विभाग, यंत्र पाहतो तंत्रज्ञ, आणि दोघांची भेट वर्षातून एकदा दिवाळीच्या मिठाईला होते. म्हणून खर्चकपातीचं फर्मान निघालं की पहिली कात्री चालते ती प्रशिक्षणावर, कारण त्यातून काय मिळालं याची पावती कोणी दाखवू शकत नाही. खर्च आटोक्यात ठेवणं आणि माणसं शिकवणं ही या क्षेत्रात दोन वेगळी खाती नाहीतच, पण अंदाजपत्रकात ती वेगळीच मांडलेली असतात.

वीजबिलच उलगडून पाहू. मॉलसारख्या उच्चदाब ग्राहकाचं बिल नुसत्या युनिटांवर ठरत नाही. ग्राहकाने एका दमात जास्तीत जास्त किती वीज ओढली, यालाही पैसे पडतात. मीटर ठरावीक मिनिटांच्या टप्प्यांनी ही मागणी मोजत राहतो आणि महिन्यातला सर्वांत उंच टप्पा पकडून ठेवतो. मॉल अकराला उघडायचा असतो. सकाळी यंत्रणा सुरू करणाऱ्या माणसाने दोन्ही चिलर, सगळे पंप आणि सगळे पंखे लागोपाठ चालू केले तर तो टप्पा आकाशाला भिडतो. तीच यंत्रं अंतरा-अंतराने सुरू केली, पहिला चिलर स्थिरावल्यावर दुसऱ्याची गरज आहे का ते पाहिलं, तर मागणी खाली राहते. शिवाय महावितरणच्या दरपद्धतीत मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वोच्च मागणीच्या ७५ टक्के हा आकडाही हिशेबात धरण्याची तरतूद राहिली आहे. म्हणजे घाईत उरकलेली एक सकाळ पुढचे कित्येक महिने बिलात डोकावू शकते. सकाळी सहाला शिफ्टवर येणाऱ्या मुलाला हे कोणी सांगितलेलं असतं का? बहुतेक ठिकाणी नाही. त्याने बिल कधी पाहिलेलंच नसतं.

दुसरी गोष्ट पॉवर फॅक्टरची, म्हणजे ओढलेल्या विजेपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या हिश्शाची. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांना एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने बिल येऊ लागलं. आधी किलोवॅट-तासांवर आकारणी होई, पॉवर फॅक्टर घसरला की वेगळा दंड लागे आणि चांगला राखला की सवलत मिळे. नव्या पद्धतीत दंड आणि सवलत दोन्ही गेले. पॉवर फॅक्टर जेवढा खाली, तेवढे युनिट आपोआप जास्त मोजले जातात. तो राखतात पॅनेलमधले कपॅसिटर. ते फुगतात, त्यांचे फ्यूज उडतात, कॉन्टॅक्टर चिकटतात, आणि हे सगळं एका बंद लोखंडी दाराआड, आवाज न करता घडतं. दर आठवड्याला दार उघडून, क्लॅम्प मीटरने प्रत्येक कपॅसिटरचा करंट पाहणारा इलेक्ट्रिशियन असेल तर बिघाड आठवड्याच्या आत सापडतो. तसा तो नसेल तर? पूर्वी निदान दंडाची वेगळी ओळ बिलात दिसायची आणि कोणीतरी ओरडायचं. आता ती ओळही नाही.

मॉलच्या विजेचा सर्वांत मोठा वाटा वातानुकूलनाचा, आणि त्यात मोठा मानकरी चिलर. पाणी गार करताना काढलेली उष्णता तो कंडेन्सरच्या तांब्याच्या नळ्यांतून दुसऱ्या पाण्याला देतो आणि ते पाणी गच्चीवरच्या कूलिंग टॉवरमध्ये थंड होतं. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी आलं की घरच्या गिझरच्या कॉइलवर चढतो तसाच पांढरा थर या नळ्यांच्या आतून चढू लागतो. थर उष्णता अडवतो, चिलरमधल्या शीतकाचं, म्हणजे उष्णता वाहून नेणाऱ्या गॅसचं, तापमान चढतं आणि कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो. तापमान एका अंशाने चढलं की चिलरची वीज साधारण दोन-तीन टक्क्यांनी वाढते. हा थर ओळखायला नळ्या उघडाव्या लागत नाहीत. कंडेन्सरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचं तापमान आणि शीतकाचं तापमान यांतला फरक पाहायचा. प्लांट रूममध्ये त्याला 'अप्रोच' म्हणतात. नळ्या स्वच्छ असताना तो एक-दोन अंशांचा असतो. चार-पाचवर गेला की ब्रश मारायची वेळ झाली.

दोन आकड्यांची वजाबाकी, बस. पण ती करायची तर आकडे खरे हवेत. प्लांट रूममधलं लॉगबुक उघडून पाहावं. गार पाणी जाताना ७, येताना १२, कंडेन्सरमध्ये जाताना ३२, बाहेर पडताना ३७, तासामागून तास, पानामागून पान, एकाच पेनाने आणि एकाच बैठकीत लिहिलेलं. हे आकडे यंत्राचे नसतात, माहितीपुस्तकातले असतात. त्यात माणूस आळशी आहे असा निष्कर्ष काढणं सोपं आहे. पण आकडे कशासाठी लिहायचे हे त्याला कधी सांगितलेलं नसतं, लिहिलेले आकडे कोणी वाचत नाही हे त्याने पाहिलेलं असतं, आणि खरे लिहिले तर 'अप्रोच वाढलाय' म्हणून त्यालाच चार प्रश्न विचारले जातील हेही त्याला ठाऊक असतं.

मुंबईच्या बाबतीत या गोष्टीला एक चमत्कारिक पार्श्वभूमी आहे. शहरातला पहिला मोठा मॉल म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो हाजी अलीजवळचा क्रॉसरोड्स १९९९ मध्ये उघडला. सरकता जिना पाहायला आणि त्यावरून वर-खाली करायला एवढी गर्दी लोटली, की काही काळ दारावर मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवून आत सोडण्याची वेळ आली. तिथून थोडं पुढे, लोअर परळला, फिनिक्स मिलच्या आवारात हाय स्ट्रीट फिनिक्स उभं राहिलं. फिनिक्स मिल्स ही कंपनी १९०५ची. जिथे साचे खडखडत होते तिथे आता एस्कलेटर सरसरतात. गिरणगावातल्या जमिनीच्या व्यवहारांवर आजवर भरपूर लिहिलं गेलं आहे आणि ते योग्यच आहे. पण त्या जागेवरून आणखी एक गोष्ट गेली, तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. ती म्हणजे यंत्र सांभाळण्याची संस्कृती.

गिरणीत फिटर होते, ऑइलमन होते, बॉयलर अटेंडंट होते. खात्यात शिरताच आवाजावरून कुठला साचा आजारी आहे ते सांगणारे जॉबर होते. ही माणसं आपोआप तयार झाली नाहीत. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजचं व्हीजेटीआय, सुरू झालं ते मुख्यतः गिरण्यांना लागणारी माणसं घडवण्यासाठी. यंत्र अभियांत्रिकी आणि कापड उत्पादन हे तिथले सुरुवातीचे विषय, आणि संस्थेला गिरणीमालकांचा हातभार होता. भायखळ्याहून ती १९२३ मध्ये माटुंग्याला आली. त्या धंद्याला नफा कुठे आहे ते कळत होतं. साचा बंद पडला की कापड बंद, कापड बंद की पैसा बंद. त्यामुळे साचा चालवणारा आणि सांभाळणारा शिकलेला असणं हा मालकाचा स्वार्थच होता.

मॉलच्या धंद्यात हे सूत्र तुटलं. मॉलचं उत्पन्न भाड्याचं आहे. चिलर थोडा जास्त वीज खाऊ लागला म्हणून भाडं थांबत नाही. उलट सामाईक जागेच्या देखभालीचा खर्च 'कॅम' या नावाखाली, चौरस फुटांच्या हिशेबाने, दुकानदारांकडून वसूल होतो. वाचवायची ताकद मालकाकडे आणि भुर्दंड भाडेकरूकडे, अशी विभागणी झाली की बचतीची घाई कोणालाच नसते. सगळेच मालक असे आहेत असं नाही. पण कराराची रचना त्यांना दुसरीकडे ढकलत नाही, एवढं खरं. याउलट डी-मार्टचं उदाहरण घ्या. पवईला २००२ मध्ये पहिलं दुकान उघडल्यापासून या साखळीचा कल शक्यतो स्वतःच्या मालकीच्या जागेत दुकान काढण्याकडे राहिला आहे. जागा स्वतःची, बिल स्वतःचं, आणि मालावरचा नफा मुद्दाम कमी ठेवलेला. तिथे झुंबरं, काचेचे घुमट, कारंजी का नसतात, याचं उत्तर यात आहे. जे बसवलंच नाही त्याची देखभाल करावी लागत नाही. खर्चनियंत्रणाचा हा सर्वांत जुना आणि सर्वांत कमी वापरला जाणारा उपाय असावा.

बहुतेक मॉलमध्ये देखभालीची माणसं मॉलची नसतातच. ती कंत्राटदाराची असतात. निविदा निघते, सर्वांत कमी दर भरणाऱ्याला काम मिळतं. किमान वेतन, पीएफ, ईएसआय हे कायद्याने ठरलेलं, तिथे कमी करायला फारसा वाव नाही. मग दर कमी होतो तो कसा? दहा वर्षं अनुभव असलेल्या माणसाच्या जागी नुकताच आयटीआय झालेला मुलगा, दोन तंत्रज्ञांच्या जागी एक तंत्रज्ञ आणि एक हेल्पर, आणि प्रशिक्षणाच्या रकान्यात शून्य. करार एक-दोन वर्षांचा. गंमत अशी, की कंत्राटदार बदलला तरी माणसं बहुधा तीच राहतात, फक्त शर्टावरचं बोधचिन्ह बदलतं. त्यांच्यावर खर्च करावा असं कोणत्याच कंत्राटदाराला वाटत नाही, कारण शिकवलेला माणूस पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या पगारपत्रकावर असणार. मॉलला वाटत नाही, कारण तो मॉलचा नोकर नाही. आणि ज्या मुलाला खरोखर शिकायचं असतं तो चार-पाच वर्षांत आखातातली नोकरी शोधतो. दुबईच्या मॉलमध्ये त्याला हेच काम जास्त पगारात करायला मिळतं.

किराणा आणि ताज्या मालाच्या सुपरमार्केटची तऱ्हा वेगळी. तिथे शीतपेट्या चोवीस तास चालतात, आणि तिथला सर्वांत महत्त्वाचा 'देखभाल कर्मचारी' म्हणजे माल लावणारी मुलगी किंवा मुलगा. दूध-दह्याच्या उघड्या पेटीच्या आतल्या बाजूला एक रेघ आखलेली असते, तिला लोडलाइन म्हणतात. वरच्या फटीतून गार हवेचा पडदा खाली पडतो आणि तळाच्या जाळीत शोषला जातो. त्या पडद्यामुळे आतला गारवा आत राहतो. ताकाच्या पिशव्या रेघेच्या बाहेर आल्या किंवा तळाच्या जाळीवर क्रेट ठेवला, की पडदा फाटतो. दुकानातली गरम, दमट हवा आत शिरते, कॉइलवर बर्फ धरतो, कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही आणि दूध मात्र कोमट. मेकॅनिक येतो, गॅस कमी असावा म्हणून गॅस भरतो, बिल देतो आणि जातो. जाळीवरचा क्रेट तिथेच. माल लावणाऱ्याला ही रेघ दाखवायला पाच मिनिटं लागतात. रात्री पेटीवरचा पडदा ओढायला सांगायला आणखी एक.

शीतक गळणं हा याच खात्यातला मोठा खर्च. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००७ मध्ये सुपरमार्केटसाठी 'ग्रीनचिल' हा उपक्रम सुरू केला. तिच्या अंदाजानुसार तिथल्या सर्वसाधारण सुपरमार्केटच्या यंत्रणेत साधारण ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,६०० किलो शीतक असतं आणि त्यातलं जवळपास चौथाई दर वर्षी गळून जातं. आर-४०४ए हे तिथे खूप वापरलं गेलेलं शीतक कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत जवळजवळ ३,९०० पट तापमानवाढ करतं. गळती सांध्यांतून होते, झाकण न लावलेल्या व्हॉल्व्हमधून होते, थरथरून घासलेल्या नळीतून होते. म्हणजे पुन्हा हाताच्या कामातून. नळीचं तोंड नीट रुंदावलं का, सांधा जोडताना आतून नायट्रोजन सोडला का, भरण्याआधी व्हॅक्यूम पुरेसा काढला का, या तीन प्रश्नांवर पुढची पाच वर्षं ठरतात.

आता तर शीतकंच बदलत आहेत. हवामान तापवणारी शीतकं घटवण्याच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. तिच्यानुसार २०२८ मध्ये एचएफसी शीतकांचा वापर गोठवायचा, २०३२ पासून कमी करायचा आणि २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचा आहे. त्यांच्या जागी येणाऱ्या शीतकांपैकी काही पेट घेणारी आहेत, प्रोपेन तर सरळच. शिरवळच्या कारखान्यातून गोदरेजने प्रोपेनवर चालणारे घरगुती एसी २०१२च्या सुमारास बाजारात आणले, तेव्हा यंत्राबरोबर मेकॅनिकचं प्रशिक्षणही करावं लागलं, कारण जुन्या सवयीने गॅस तसाच सोडून टॉर्च पेटवली तर काय होईल हे सांगायला नको. केंद्र सरकारच्या मार्च २०१९च्या 'इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅन'मध्ये २०२२-२३ पर्यंत एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. धोरण आखणाऱ्यांनी विजेचा प्रश्न तंत्रज्ञाच्या हातापर्यंत आणून पोचवला, ही त्या आराखड्यातली फार न बोलली गेलेली चांगली गोष्ट.

काही ठिकाणी मात्र काटकसरीची भाषाच चालत नाही. आगीच्या पंपाच्या पॅनेलवरही हँड, ऑफ, ऑटो असा स्विच असतो. नळांतला दाब जरा उतरला तर तो सावरायला जॉकी पंप नावाचा छोटा पंप असतो. कुठे बारीक गळती असली की तो दर दहा मिनिटांनी चालू-बंद होऊ लागतो. आवाजाचा कंटाळा येतो, मोटार जळायची भीती वाटते, म्हणून कोणीतरी पॅनेल 'ऑटो'वरून काढतं. गळती शोधायची राहून जाते. आता आग लागली, स्प्रिंकलर फुटला, दाब कोसळला तरी मोठा पंप स्वतःहून सुरू होणार नाही. पंख्याचा स्विच चुकला तर दोन-तीन लाख जातात, इथे हिशेब वेगळा. नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलला २२ ऑक्टोबर २०२० च्या रात्री लागलेली आग विझवायला जवळजवळ ५६ तास लागले, आणि शेजारच्या टोलेजंग इमारतीतल्या सुमारे ३,५०० रहिवाशांना घराबाहेर काढावं लागलं. त्यानंतर अग्निशमन दलाने शहरातले मॉल तपासले आणि बऱ्याच जणांना नोटिसा गेल्या. महाराष्ट्राच्या २००६च्या आग प्रतिबंधक कायद्याखाली दर वर्षी जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेचं 'फॉर्म बी' प्रमाणपत्र द्यावं लागतं. लिफ्टसाठी १९३९चा जुना कायदा होता. २०१७च्या नव्या कायद्याने सरकते जिने आणि सरकते पट्टेही तपासणीच्या कक्षेत आणले. ही प्रमाणपत्रं त्या दिवशी यंत्रणा ठीक होती एवढंच सांगतात. मधले पाच महिने एकोणतीस दिवस स्विच कुठे होता, ते शिफ्टवरच्या माणसालाच ठाऊक.

मग या माणसांना शिकवायचं कोणी आणि काय? अमेरिकेत दुकानांच्या देखभालीचं काम पाहणाऱ्यांनी १९९५ मध्ये स्वतःची संघटना काढली, प्रोफेशनल रिटेल स्टोअर मेंटेनन्स असोसिएशन. आता तिचं नाव कनेक्सएफएम आहे. त्याहून जुनी, १९८० पासूनची, 'इफ्मा' ही सुविधा व्यवस्थापकांची आंतरराष्ट्रीय संस्था. तिचा एफएमपी हा अभ्यासक्रम चार भागांचा आहे: यंत्रणा चालवणं आणि सांभाळणं, प्रकल्प राबवणं, वित्त आणि व्यवसाय, नेतृत्व. चारांत एक पूर्ण भाग पैशाचा, हे लक्षात घेण्यासारखं आहे. भारतात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची ऊर्जा व्यवस्थापक आणि ऊर्जा लेखापरीक्षक यांची राष्ट्रीय परीक्षा आहे, आणि मॉलमधल्या एखाद्या अभियंत्याने ती दिलेलीही असते. पण ही सगळी वरच्या माणसांची शिडी झाली. खालच्या पायऱ्या आयटीआयमध्ये आहेत. इलेक्ट्रिशियन, रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंग मेकॅनिक, लिफ्ट आणि एस्कलेटर मेकॅनिक, असे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम. तिथून बाहेर पडलेल्या मुलाला चिलर उघडता येईल. त्याच्या हातातल्या स्विचमुळे बिलात किती फरक पडतो, हे त्याला कामावरच कळायला हवं.

वॉलमार्टने अलीकडे उलट्या बाजूने सुरुवात केली आहे. टेक्ससमधल्या डॅलस-फोर्ट वर्थ भागात २०२४ मध्ये कंपनीने आपल्याच दुकानांत माल लावणाऱ्या, गल्ल्यावर बसणाऱ्या लोकांना निवडून त्यांना वातानुकूलन, शीतगृह आणि विजेच्या कामाचं पगारी प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. नंतर हा कार्यक्रम इतर ठिकाणीही नेला. यात दानत कमी आणि व्यवहार जास्त आहे. तिथे कुशल मेकॅनिक मिळत नाही, मिळाला तर महाग पडतो, आणि शीतपेटी बंद पडली की माल वाया जातो. शिवाय जो काल दूध लावत होता त्याला लोडलाइन कोणी समजावून सांगायला लागत नाही.

आपल्याकडे यासाठी नवा कायदा करायची गरज नाही. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ पासून आहे. २०१९च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला, कंत्राटी धरून, एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय योजनेखाली विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार देतं. मॉलची निविदा काढणाऱ्याने दरपत्रकात एक वाढीव ओळ टाकली, की दर तंत्रज्ञामागे वर्षाला इतके तास प्रशिक्षण आणि इतके शिकाऊ उमेदवार, आणि हा खर्च सर्व निविदाकारांसाठी सारखाच धरायचा, तर त्यावर कात्री चालवून काम मिळवण्याची स्पर्धाच उरत नाही. दुसरी ओळ विजेची हवी. चौरस फुटामागे युनिट गेल्या वर्षीपेक्षा घटले तर वाचलेल्या पैशांतला ठरलेला हिस्सा कंत्राटदाराला आणि त्यातला निम्मा थेट शिफ्टवरच्या माणसांना. हिशेबाला दोन्ही वर्षांची बिलं लागतील, हवामानाचा आणि रिकाम्या गाळ्यांचा फरक काढावा लागेल, पहिल्या वर्षी आकड्यांवरून भांडणंही होतील. भांडण करायला का होईना, लेखा विभागाचा माणूस आणि प्लांट रूममधला माणूस दर महिन्याला एकाच टेबलाशी, एकच बिल पुढे ठेवून बसतील.